एन्डेव्हर फुटतं तेव्हा

हा चित्रपट फाशीच्या तख्तावर सुरू होतो. पोर्ट रॉयलच्या किल्ल्यात माणसांची रांग लागली आहे. पुरुष, बायका, म्हातारे, सगळ्यांना साखळदंड घातलेले. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी हुकूमनामा वाचतोय: जमण्याचा हक्क स्थगित, वकिलाचा हक्क स्थगित, पंचांसमोर खटला चालण्याचा हक्क स्थगित. चाचेगिरी करणाऱ्याला फाशी, त्याला मदत करणाऱ्याला फाशी, त्याच्याशी नुसता संबंध असणाऱ्यालाही फाशी. एक तुकडी लटकते, दुसरी पुढे सरकते. मग एक लहान पोरगा येतो. त्याचं डोकं फासापर्यंत पोचत नाही, म्हणून त्याला पिंपावर उभं करतात. मुठीतल्या नाण्याकडे बघत तो गाणं सुरू करतो. मागची रांग त्याच्या सुरात सूर मिसळते आणि साखळदंडांचा ठेका धरते. ही बातमी सांगायला अधिकारी धावत कंपनीचा तिथला प्रमुख लॉर्ड बेकेट याच्याकडे जातो, तर बेकेट शांतपणे म्हणतो की अखेर एकदाचे गायला लागले. त्याला तेच हवं होतं.

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन: अ‍ॅट वर्ल्ड्स एंड', मालिकेतला तिसरा भाग, २००७. डिस्नीलँडच्या बागेतल्या एका जुन्या करमणुकीच्या सफरीवरून सुचलेली ही मालिका, निर्माते डिस्नी, थिएटरात पोराबाळांसह आलेली कुटुंबं, आणि पहिल्याच दृश्यात एका मुलाला फाशी. जॅक स्पॅरो, ज्याच्यासाठी सगळे आलेले, तो जवळजवळ अर्धा तास पडद्यावर येतच नाही. एवढी हिंमत मी त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या चित्रपटात पाहिली नाही, आणि म्हणूनच पाचही भागांत मला हाच सगळ्यात जवळचा वाटतो.

याच्याविरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत. लांबलचक आहे, गुंतागुंतीचा आहे, कोण कोणाच्या बाजूने आहे ते कळत नाही, हे सगळं मी ऐकलं आहे. लांब आहेच, पावणेतीन तासांच्याही पुढे जातो. पण गुंता? त्या गुंत्यातच तर कथा आहे. विलला वडिलांना सोडवायचं आहे, जॅकला मरण चुकवायचं आहे, बार्बोसाला समुद्रदेवी कॅलिप्सोला मुक्त करायचं आहे, सिंगापूरच्या चाचेप्रमुख साओ फेंगला आपली कातडी वाचवायची आहे आणि विलची प्रेयसी एलिझाबेथ हिला स्वतःच्या हातून झालेल्या जॅकच्या घाताचं ओझं उतरवायचं आहे. प्रत्येक जण दुसऱ्याला विकायला तयार आहे, कारण प्रत्येकाला आपली निकड सगळ्यांत मोठी वाटते. समोर मात्र एकच माणूस आहे, बेकेट, त्याचं एकच कोष्टक आहे, आणि तो हिशेब चुकत नाही. फुटलेली माणसं आणि एकसंध कंपनी. हे कोड्यासारखं वाटत असेल, तर आमच्या किनाऱ्याचा इतिहास एकदा वाचून बघावा. त्याकडे मी येतेच.

आधी वैभवाबद्दल. या चित्रपटावर सुमारे तीस कोटी डॉलर खर्च झाले, आणि त्या वेळी तो जगातला सगळ्यात महागडा चित्रपट मानला गेला. पैसा ओतलेले चित्रपट खूप असतात, पण तो पैसा पडद्यावर हाताला लागेल असा दिसणं दुर्मीळ. इथे तो लाकडात दिसतो, दोरखंडात दिसतो, ओल्या कापडाच्या वजनात दिसतो. सिंगापूरचं अख्खं बंदर, फळकुटांचे पूल, खालचं गढूळ पाणी आणि वाफेने कोंदलेलं ते स्नानगृह स्टुडिओत उभं केलेलं आहे, आणि तरीही त्या दृश्यात मला शेवाळाचा वास येतो. शेवटच्या भोवऱ्यातल्या लढाईसाठी कॅलिफोर्नियात पामडेलच्या एका प्रचंड हँगरमध्ये जहाजं उभी केली, ती यंत्रांवर डावी-उजवीकडे कलती ठेवली आणि वरून पाणी ओतलं. नट त्या कलत्या फळ्यांवर खरोखर तोल सावरत होते. आजूबाजूचा समुद्र नंतर संगणकावर रचला गेला, पण पायाखालची घसरण खरी होती. ती कळते.

आणि डेव्ही जोन्स, फ्लाइंग डचमन या जहाजाचा कप्तान. बिल नाय हा नट सेटवर साध्या राखाडी कपड्यात, अंगावर खुणा लावून वावरायचा. त्याच्या चेहऱ्यावर पुढे आयएलएम या दृश्यपरिणाम करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी सोंडा चढवल्या. दुसऱ्या भागातल्या या कामाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. इतक्या वर्षांनंतरही तो चेहरा जुना झालेला नाही. कारण सोंडांच्या मागचे डोळे माणसाचे आहेत. दाढीतल्या सोंडांनी तो ऑर्गनच्या पट्ट्या दाबतो, लॉकेटातून तीच धून छोट्या, किणकिणत्या सुरात वाजते आणि त्या ओल्या, गिळगिळीत गालावरून एक थेंब ओघळतो. दहा वर्षांनी एक दिवस किनाऱ्यावर आलेल्या माणसाला भेटायला कॅलिप्सो आलीच नाही, एवढीच त्याची गोष्ट. त्याने काळीज उपटून पेटीत कोंडलं, आणि आता ती पेटी कंपनीच्या ताब्यात आहे. समुद्राचा काळ म्हणून ज्याची भीती घातली जायची तो बेकेटसमोर हुकमाचा ताबेदार होऊन उभा राहतो. बेकेट त्याला आठवण करून देतो की आपला समुद्रराक्षस क्राकेन मारून टाकायचा हुकूम त्याला कोणी दिला होता. किनाऱ्यावर मरून पडलेला तो अजस्र प्राणी जॅक आणि बार्बोसा बघायला जातात, ते दृश्य मला या मालिकेतलं सगळ्यात दुःखी दृश्य वाटतं. दोघंही हसत नाहीत. जग लहान होत चाललंय, असं बार्बोसाच्या बोलण्यात येतं. जॅक म्हणतो, जग तेवढंच आहे, त्यातलं सत्त्व कमी झालंय.

हान्स झिमरच्या संगीताबद्दल लिहायला बसले तर हा लेख तिथेच संपेल. एकच सांगते. फाशीच्या तख्तावर त्या पोराने गायलेली चाल पुढे सबंध चित्रपटभर फिरत राहते. कधी वाद्यवृंदात, कधी नुसत्या गुणगुणण्यात. जहाज उलटं करायचं दृश्य आठवा. मृतांच्या जगातून बाहेर पडायला सूर्यास्ताच्या क्षणी ब्लॅक पर्ल पालथं व्हायला हवं, म्हणून सगळे खलाशी डेकच्या या काठावरून त्या काठावर धावतात. तोफा निसटतात, पिंपं गडगडतात, आणि त्याबरोबर झिमरची ती उड्या मारणारी चाल. थिएटरात त्या वेळी लोक खुर्चीत डावी-उजवीकडे झुकत होते. मी मुंबईत पाहिला, मावसभावाबरोबर. तो माझ्याहून लहान, आणि चाच्यांच्या बाबतीत माझ्याहून वेडा.

मग आली शिपरेक कोव्हची सभा.

फुटलेल्या जहाजांच्या सांगाड्यांचं गाव. मेणबत्त्यांनी उजळलेलं दालन. लांब टेबल, आणि सात समुद्रांचे नऊ चाचेप्रमुख. मिस्ट्रेस चिंग, अम्मांड, शेव्हाल, जोकार्ड, व्हियानुएव्हा, आणि त्यांच्यात हिंदी महासागराचा प्रमुख म्हणून बसलेला श्री संभाजी. डोक्याला पागोटं, लांब दाढी, भरजरी कपडे. पडद्यावर फक्त 'श्री संभाजी' म्हणतात. चित्रपटाबरोबर आलेल्या साहित्यात त्याचं पूर्ण नाव दिलेलं आहे, आणि त्यात आडनाव आंग्रिया आहे. इंग्रजांच्या जुन्या कागदांत आंग्र्यांचं नाव तसंच येतं. मावसभावाने माझा दंड घट्ट धरला. "ताई, हा आपला संभाजी आंग्रे!" आमचं आजोळ अलिबागचं. आंग्रे हे तिथे बाजारातल्या पुतळ्याइतकं, समाधीइतकं, ओहोटीला चालत जायच्या किल्ल्याइतकं जवळचं नाव. हॉलिवूडच्या सगळ्यात मोठ्या चित्रपटात, जगभरच्या लोकांसमोर, ते नाव टेबलाशी बसलेलं होतं. माझ्या अंगावर काटा आला.

आणि तो बोलतच नाही. त्याचे दोन सेवक शेजारी उभे आहेत, तेच त्याच्या वतीने बोलतात. सभेत चाच्यांच्या संहितेचा वाद निघतो. एक सेवक ठणकावून सांगतो की श्री संभाजींच्या मते हे सगळं खूळ आहे, संहिता गेली खड्ड्यात. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत गोळी सुटते आणि तो कोसळतो. दारात संहितेचा राखणदार कॅप्टन टीग उभा असतो, म्हणजे रोलिंग स्टोन्स या बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स. थिएटर शिट्ट्यांनी भरून जातं. श्री संभाजी स्वतः पहिल्यांदा तोंड उघडतो ते बऱ्याच वेळाने, युद्धाचा निर्णय झाल्यावर. आवाज बारीक, चिरका, लोकांना हसू यावं असा. लोक हसले. मावसभावाने माझा दंड सोडला.

हे मला लागलं. आजही लागतं, आणि चित्रपटावरचं माझं प्रेम त्याने तसूभर कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यातली दुसरी मी नेहमीच सांगत आले. पहिली सांगायला आज बसले आहे.

मुळात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ईस्ट इंडिया कंपनीची सनद होती केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडच्या व्यापाराची. कॅरिबियन समुद्रावर तिचं राज्य कधीच नव्हतं. पोर्ट रॉयलच्या किल्ल्यात बसून चाच्यांना फाशी देणारा कंपनीचा लॉर्ड ही लेखकांची कल्पना आहे, आणि कल्पना म्हणून मला ती पसंत आहे. पण ती आली कुठून? व्यापारी कंपनी स्वतःचं आरमार घेऊन उतरते, समुद्रावर कोण चालेल ते आपल्या परवान्यांनी ठरवते, जो परवाना मानत नाही त्याला चाचा ठरवते आणि त्याच्या किल्ल्यांवर तोफा डागते, हे कुठे घडलं? मुंबईच्या दक्षिणेला, खांदेरीपासून विजयदुर्गापर्यंत. चित्रपटाने आमच्या समुद्रावरचा शत्रू उचलला आणि कॅरिबियनमध्ये नेऊन ठेवला. आणि त्या शत्रूशी जे खरोखर दोन पिढ्या लढलं, त्या घराण्याचं नाव दुय्यम खुर्चीत बसवून त्याच्या वाट्याला चिरका आवाज दिला.

संभाजींचे वडील कान्होजी आंग्रे कोणाचे चाचे होते? ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले, आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे रीतसर राहिले. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने आपला दस्तक घ्यावा, अशी त्यांची मागणी होती. दस्तक नसेल तर जहाज जप्त. हे त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हेच करत होते, इंग्रजही आपले परवाने देत होते. फरक एवढाच की कान्होजींच्या परवान्यामागे कंपनीची सनद नव्हती, छत्रपतींची होती. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं सशस्त्र जहाज पकडलं, तेव्हापासून कंपनीला हा माणूस खुपायला लागला. पुढे चार्ल्स बून गव्हर्नर म्हणून आला. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला, १७१८ मध्ये खांदेरीवर. १७२१ मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन कुलाब्यावर, आणि त्या मोहिमेत तर इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजं होती. तीही कशासाठी पाठवलेली? मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला. सगळे हल्ले फसले. १७२९ मध्ये कान्होजी गेले, तोवर त्यांच्या हयातीत त्यांचा एकही महत्त्वाचा किल्ला कंपनीला घेता आला नाही.

हे घराणं निष्पाप होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी खंडणी घेतली, माणसं डांबून ठेवली, कोकणातल्या आणि गुजरातच्या व्यापाऱ्यांनाही त्यांचा जाच झाला. समुद्रावरची सत्ता तेव्हा अशीच चालायची, सगळ्यांचीच. पण चित्रपटातला जॅकही निष्पाप नाही. त्याला प्रेक्षकाचं प्रेम मिळतं, कारण त्याला बोलू दिलेलं आहे. जॅक पूर्वी कंपनीच्या नोकरीत होता आणि माणसांना माल म्हणून वाहून न्यायला त्याने नकार दिला, हे सांगणारं एक छोटं दृश्य चित्रीत करून पुढे कापून टाकलं गेलं. डीव्हीडीत ते आहे. ते कापलं याचं मला फार वाईट वाटतं, कारण बेकेटचं आणि त्याचं वैर त्याच्याशिवाय अर्धं राहतं.

बोलू न दिलेली माणसं आणखीही आहेत. दुसऱ्या भागाचं चित्रीकरण डॉमिनिकात झालं. त्यात जॅकला राजा बनवून भाजायला निघालेली नरभक्षक जमात आहे. डॉमिनिकातल्या कालिनागो लोकांच्या प्रमुखाने तेव्हाच हरकत घेतली होती. आमच्या पूर्वजांवर हा नरभक्षणाचा शिक्का वसाहतवाल्यांनी मारला आणि तुम्ही तोच परत मारताय, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्या डोंगरात, ज्यांच्या नदीकाठी कॅमेरा लागला त्यांचंच हे. ते दृश्य मी आता बघते तेव्हा पूर्वीसारखी हसू शकत नाही. बांबूच्या गोल पिंजऱ्यांची ती धमाल तशीच आहे, कल्पकता तशीच आहे, फक्त मला आता पिंजऱ्यापलीकडचे लोकही दिसतात.

संभाजी आंग्र्यांकडे वळते. कान्होजींनंतर सेखोजी, ते १७३३ मध्ये गेले, आणि मग भावाभावांत फूट पडली. मानाजी एका बाजूला, संभाजी दुसऱ्या. १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणीच करून टाकली. कुलाबा मानाजींकडे, सरखेलपद आणि दक्षिणेकडचं आरमार संभाजींकडे. संभाजी लढवय्ये होते. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी लंडनहून मुंबईला निघालेलं डर्बी नावाचं कंपनीचं मोठं जहाज मालासकट, माणसांसकट पकडलं. कंपनीला तो फटका वर्षानुवर्षं विसरता आला नाही. पण १७४० मध्ये हेच संभाजी भावाच्या कुलाब्यावर चालून गेले. मानाजींनी पेशव्यांची मदत मागितली, आणि इंग्रजांचीही. इंग्रज आले. का नाही येणार?

शिपरेक कोव्हमध्ये चाच्यांचा राजा निवडायचा असतो. संहितेप्रमाणे मतदान होतं, आणि प्रत्येक प्रमुख स्वतःलाच मत देतो. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून फिरतो, एकेक जण आपलंच नाव घेतो. थिएटर हसत असतं. मग जॅक एलिझाबेथचं नाव घेतो आणि सगळं पालटतं. एक मत स्वतःबाहेर पडलं, तेवढ्याने युद्ध शक्य झालं. हे दृश्य मी बघते तेव्हा मला टेबलाशी मानाजी दिसतात, संभाजी दिसतात, तुळाजी दिसतात, पुण्याहून आलेले नानासाहेब पेशवे दिसतात. आमच्या सभेत ते एक मत पडलं नाही.

संभाजींनंतर आलेले तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते. कोकणात त्यांनी उपद्रव दिला, हेही खरं. त्यांचा बंदोबस्त करायला नानासाहेबांनी कंपनीशी करार केला. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. जमिनीकडून पेशव्यांचं सैन्य. आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आश्रयाला खाडीत एकमेकांना बांधून उभं होतं. त्यातल्या एका जहाजावर गोळा पडून आग लागली, आणि बांधलेल्या गुराबांवरून ती पसरत गेली. ते पहिलं पेटलेलं जहाज रेस्टोरेशन, एकेकाळी आंग्र्यांनी कंपनीकडूनच पकडलेलं. कान्होजींपासून उभं केलेलं आरमार जळून गेलं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि सुटले नाहीत. किल्ल्यात मिळालेली लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली, पेशव्यांच्या माणसांना त्यात हिस्सा नव्हता. पुढच्याच वर्षी क्लाइव्ह प्लासीला होता. लंडनमध्ये शूटर्स हिलवर विल्यम जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये त्याच्या स्मरणार्थ तीन कोनांचा मनोरा बांधला. त्याचं नाव सुवर्णदुर्गावरूनच आहे, सेव्हर्नड्रूग कॅसल. तो अजून उभा आहे.

आता चित्रपटाचा शेवट.

बेकेटचं जहाज एन्डेव्हर समोर येतं, मागे कंपनीचं अफाट आरमार. तेवढ्यात पाण्याखालून फ्लाइंग डचमन वर येतं, विलच्या हाताखाली. एका बाजूला डचमन, दुसऱ्या बाजूला ब्लॅक पर्ल, आणि मध्ये एन्डेव्हर. दोन्ही बाजूंनी तोफा सुटतात. अधिकारी बेकेटकडे हुकूम मागतो. बेकेट गप्प. त्याला काही सुचत नाही. त्याच्या हिशेबात ही ओळ नव्हतीच. तो हळूहळू जिना उतरतो. फळ्या उडतायत, कठडा तुटतोय, काच फुटतेय, आणि सगळं पाण्यात असल्यासारखं संथ. त्याचा हात कठड्यावर आहे, तो कठडा त्याच्या बोटांखालून छिन्नविच्छिन्न होतो. माणसं उडतात, त्याचा सदरा स्वच्छच राहतो. चांगला धंदा, एवढंच होतं, असं काहीसं तो पुटपुटतो. मग सगळं जळतं, आणि त्याचा देह पाण्यावर तरंगणाऱ्या कंपनीच्या झेंड्यावर पडतो.

मोठ्या पडद्यावर, अब्जावधीचा खर्च करून, कंपनीचं मुख्य जहाज दोन्हीकडून फोडून टाकलेलं मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात पाहिलं नाही. ते पाहताना मला विजयदुर्गाची खाडी आठवते. तिथे आग उलट्या बाजूला लागली होती. दोन आरमारं एकत्र येऊन कंपनीला मध्ये धरतील, हे दृश्य आमच्या किनाऱ्यावर घडू शकलं असतं. माणसं होती, जहाजं होती, गिर्ये गावाजवळ खाडीच्या काठावर गोदी होती, ती आजही बघता येते. मी दरवेळी त्या जिन्यावर उतरणाऱ्या बेकेटला बघते आणि माझे हात खुर्चीला घट्ट होतात. आनंदाने. त्या आनंदात जो हक्क आहे तो माझा आहे, अलिबागचा आहे, आणि तो मला एका अमेरिकन स्टुडिओच्या चाच्यांनी दिला. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

पण तक्रारही करणार. चाच्यांचं एवढं मोठं आरमार जमवून शेवटच्या लढाईत खरं लढतं एकटं ब्लॅक पर्ल. बाकीची जहाजं बघत उभी राहतात. कंपनीचं बाकीचं आरमारही एन्डेव्हर बुडताच परत फिरतं. मोठेपणाच्या या खेळात मला ही एकच जागा पोकळ वाटते. सात समुद्रांतून माणसं बोलावली, तर सात समुद्रांच्या लढायच्या रीती दाखवायच्या होत्या. आमची रीत तर पडद्यासाठीच जन्मलेली होती.

आंग्र्यांचं गुराब म्हणजे उथळ पाण्यात चालणारं, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज, पुढच्या टोकाला तोफा असलेलं. गलबत त्याहून लहान, हलकं, वल्ह्यांवर पळणारं. इंग्रजांची जहाजं उंच, जड आणि वाऱ्याची मिंधी. वारा पडला की ती पाण्यात खुंट्यासारखी उभी राहायची, आणि तेव्हाच आंग्र्यांची वेळ यायची. गलबतं वल्ही मारत गुराबांना दोरांनी ओढत न्यायची, थेट शत्रूच्या पाठीमागे, जिथे त्याच्या बाजूच्या तोफांचा मारा पोचत नाही. मागून डोलकाठ्यांवर गोळे. डोलकाठी कोसळली की दोन-तीनशे माणसं तलवारी घेऊन वर. ही कल्पना मनात आणा. निवांत समुद्र, वाऱ्याची झुळूक नाही, शिडं लोंबकळलेली, आणि कंपनीच्या मोठ्या जहाजावरचा कप्तान दुर्बिणीतून बघतोय की क्षितिजावरून काहीतरी वल्ह्यांच्या तालावर जवळ येतंय. झिमरच्या ढोलांना याहून चांगली जागा कुठे मिळाली असती?

नंतर २०११ मध्ये चौथा भाग आला, २०१७ मध्ये पाचवा. दोन्ही मी पाहिले, दोन्हींत रमले, पण कंपनीसारखा शत्रू त्यांत परत आला नाही, आणि हिंदी महासागराच्या प्रमुखाची खुर्चीही परत दिसली नाही. मावसभाऊ आता स्वतः बाप झालाय. त्याच्या लेकीला त्याने खांदेरी दाखवलं, तिथला दीपगृहाचा टॉवर दाखवला, ज्याला कान्होजींचं नाव आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. मग घरी येऊन तिला हा चित्रपट दाखवला. सभेचं दृश्य आलं तसं त्याने थांबवलं आणि तिला सांगितलं की हा जो गप्प बसलाय ना, त्याने डिसेंबर १७३५ मध्ये कंपनीचं डर्बी पकडलं होतं. मग डर्बीची गोष्ट रंगवून सांगितली, जेवढी आम्हाला ठाऊक आहे तेवढी. तिने विचारलं, मग ते का नाही दाखवलं?

मला तो चित्रपट हवा आहे. याच खर्चाने, याच वैभवाने, याच झोकात. सुरुवात लंडनच्या गोदीत, डर्बी माल भरतंय. मग महिनोन् महिन्यांचा प्रवास, केपला वळसा, आणि कोकणचा किनारा दिसायला लागल्यावर पडलेला वारा. सुवर्णदुर्गाच्या तटावर संभाजी आंग्रे. शेजारी कोणी सेवक त्यांच्या वतीने बोलणारा नाही. खाली कोळी, भंडारी, गाबित खलाशी वल्ह्यांना हात लावून बसलेत, तांडेल वर बघतोय, आणि हुकूम संभाजी स्वतः देतात, खड्या आवाजात, असा की पलीकडच्या हर्णैच्या किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्या बायांनीही मान वर करावी. बाकीचं झिमरवर सोडायला मी तयार आहे.